तपकिरी, लाल, नारिंगी

१२ जानेवारी, सोमवार

सेरवाने नाताळला अक्राहून ही डायरी आणली आणि म्हणाली, "बाबा, दिवसभर दुकानात स्वतःशीच बडबडता, त्यापेक्षा लिहीत जा." लेकीचा सल्ला म्हणून आजवर दुर्लक्ष केले. आज मात्र नुसते बडबडून भागणार नाही.

डोन्कोर गुरुजींचा शाळेचा ॲम्प्लिफायर परत आला. गेल्याच आठवड्यात दुरुस्त करून दिला होता. गुरुजी म्हणाले, "मास्टर, चालू केला, लाल दिवा लागला, मग फट् झालं आणि धूर आला. प्रार्थना राहिली बाजूला, पोरं टाळ्या वाजवायला लागली."

उघडून पाहिले तर दिव्याच्या वाटेवरचा रेझिस्टर कोळसा झालेला. तिथे चार हजार सातशे ओहमचा लागतो आणि मी तोच घातला होता. पिवळा, जांभळा, लाल. चुकून चारशे सत्तरचा गेला असता तर दहापट करंट गेला असता आणि दिवा नि रेझिस्टर दोघेही जळाले असते, हे मान्य. पण चारशे सत्तरचा तिसरा पट्टा तपकिरी असतो. कोनोंगोत हे दुकान टाकून तीस वर्षे झाली, लाल आणि तपकिरीत या याव अग्येकुमची कधी गफलत झालेली नाही. मीटर न लावता नुसत्या नजरेने रेझिस्टर वाचणारा या रस्त्यावर मी एकटा आहे.

म्हणजे मालच खोटा. हल्ली रंग लावतात की चिखल फासतात, कळत नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

कुमासीला जाऊन फ्रिम्पोंगला फैलावर घेतले. सुट्या भागांचे दुकान त्याचे. त्याच्या बापाच्या वेळेपासून मी तिथूनच माल घेतो. पुडीच त्याच्यासमोर ओतली. म्हणालो, "हा लाल म्हणून विकतोस? हा सरळ सरळ तपकिरी आहे."

त्याने एक रेझिस्टर चिमटीत धरला, दारात उन्हात नेला, पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "मास्टर, लालच आहे हो."

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणालो.

एरवी हा पोरगा एकाला दोन उत्तरे देतो. आज नाही. उलट गार पाण्याची पिशवी आणून माझ्या हातात दिली आणि गाडीपर्यंत सोडायला आला. चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय.

घरी येऊन बायकोला सगळे सांगितले. कोनाडू जेवणासाठी फुफू कांडत होती, ती थांबली. फ्रिम्पोंग नक्की काय म्हणाला ते तिने पुन्हा विचारले. मग म्हणाली, "उन्हात नेऊन पाहिलं त्यानं?" आणि बराच वेळ मुसळ हातात धरून उभी राहिली. बायकांना नको त्या गोष्टीत रस.

२१ जानेवारी, बुधवार

कोनाडूने बाजारातली पामतेलाची गादी बहिणीला देऊन टाकली. आम्ही लग्न केले तेव्हापासूनची गादी, गिऱ्हाईक तिच्या नावाने यायचे. विचारले तर म्हणते गुडघे दुखतात. आणि गुडघे दुखतात म्हणून आता माझ्या दुकानात स्टूल टाकून बसणार.

"बसून काय करणार?"

"शिकेन. एवढी वर्षं तुमच्या कपड्यांना सोल्डरचा वास येतोय, निदान तुम्ही काय करता ते तरी कळू दे."

"सेरवाची आई, या वयात?"

"या वयात तुम्ही डायरी लिहिता, त्याला मी काही म्हटलं?"

मग सांगितले. रेझिस्टर म्हणजे अडवणारा. वीज आली की सगळी एकदम धावते. हा म्हणतो, दमानं या, एवढीच आत सोडीन. अडवण्याचे कष्ट पडतात म्हणून स्वतः तापतो. तो पुढच्या नाजूक भागांसाठी मार खातो. कोनाडूने ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हणजे मयताच्या घरी जेवणाच्या दारात उभी करतात ती बाई."

मला हे आवडले. खरेच, दारात ती बाई नसेल तर माणसे पातेल्यात पडतील, आणि दिवसाअखेर तिचे डोके केवढे तापलेले असते. मी म्हणालो, "आणि त्याच पंगतीला शेजारी दुसरं दार काढून तिथंही तशीच बाई उभी केली तर?"

"तर लोक दुप्पट आत जातील."

"म्हणजे सारखे दोन रेझिस्टर शेजारी शेजारी लावले की अडवणं निम्म्यावर येतं. आणि एकाच दाराच्या मागे दुसरं दार असेल तर?"

"दोघींच्या शिव्या खाव्या लागतील."

शाळेच्या परीक्षेत असे लिहिले असते तर नापास झाली असती. पण चुकीचे काही नाही.

२६ जानेवारी, सोमवार

ओपानिन न्तिआमोआ काल गेला. झोपेतच गेला म्हणतात.

आम्ही वीस वर्षे रोज दुपारी त्याच्या अंगणात पट मांडून डामे खेळायचो. सोंगटी आपटताना तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि मी त्याच्या. गेल्या ईस्टरला तो चर्चमध्ये बोलायला उभा राहिला आणि माझा ॲम्प्लिफायर मधेच मुका झाला. त्याने सगळ्यांसमोर ऐकवले, "मास्टरची यंत्रं नेमकी माझ्याच तोंडावर हात ठेवतात." सगळे चर्च हसले. मी त्याच्या अंगणात जाणे सोडले. तेव्हापासून पेट्रोल पंपामागच्या झाडाखाली खेळतो. तिथले लोक वाईट खेळतात.

तो बोलवायला येईल असे मला वाटत होते. त्यालाही तसेच वाटत असणार. आता कोणीच कोणाकडे जाणार नाही. फार वाईट वाटते आहे. इथे लिहून ठेवतो, कारण तोंडाने कोणाला सांगणार नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकही काम परत आले नाही. हात पुन्हा जमला. खरे तर तो गेला कधीच नव्हता. फ्रिम्पोंगने बोलणी खाल्ल्यावर माल सुधारला.

कोनाडूला रंग पाठ झाले आहेत. काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, करत करत पांढरा नऊ. आता तिने रेझिस्टर उचलून द्यायचा आणि मोठ्याने वाचायचा, अशी पद्धत तिनेच पाडली. अजून चुकते. आज तिने दहा हजारचा म्हणून जो दिला तो मला एक हजारचा दिसला. म्हटले, "हा लाल आहे, नारिंगी नाही."

"मला नारिंगी वाटतो."

"तुला वाटून काय होतंय?"

"बरं," म्हणाली, आणि तो तिच्या हातून टेबलाखाली पडला. वाकून दुसरा काढून दिला. तो काय आहे ते मोठ्याने वाचलेही नाही. हातातून वस्तू फार पाडते हल्ली. गुडघ्यांपाठोपाठ बोटेही गेली वाटते.

दुपारी मला डामे खेळायला पिटाळते. "जा की, दुकान मी बघते. इथं बसून तुमच्या मानेला रग लागते." पूर्वी याच खेळावरून घर डोक्यावर घ्यायची. म्हातारपणी बायको समजूतदार होते हे ऐकून होतो, आता पाहतो आहे.

रविवारी चर्चच्या आवारात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. ती म्हणाली, "दोघं जाऊ." मी म्हणालो, "तू जा. ज्याची नजर तांदळाएवढ्या रेझिस्टरवरचे पट्टे वाचते त्याला डॉक्टर काय दाखवणार?" ती उठून आत गेली. काहीतरी बिनसले होते, गुडघेच असतील.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

न्तिआमोआ अजून शवागारात आहे; अंत्यविधी पुढच्या महिन्यात, आणि त्याच्या लाउडस्पीकरचे काम कुमासीच्या माणसाला दिले. गावात मी असताना. कोणी विचारलेसुद्धा नाही.

झाडाखाली त्यावरून चिडवाचिडवी झाली. एक जण म्हणाला, "मास्टर, तुम्हाला आवाजाला नाही बोलावलं, रडायला तरी बोलावलंय ना?" मी रागात बोलून गेलो, "मग काळं सोडून मी बारशाचं हिरवं कापड नेसून येतो." सगळे हसले. मीही हसलो. घरी येताना मात्र बरे वाटत नव्हते.

१४ मार्च, शनिवार

आज अंत्यविधी झाला. काहीतरी बिघडले आहे आणि मला ते कळत नाही.

कोनाडू पहाटेच बायकांबरोबर स्वयंपाकाला गेली. माझे काळे कापड पलंगावर काढून ठेवले होते. निघण्यापूर्वी सूप पिताना ते सगळे कापडावर सांडले. वीज नव्हती. पेटीत चाचपून दुसरे काळे काढले, खांद्यावर टाकले आणि गेलो.

मांडवात रिवाजाप्रमाणे उजवीकडून हात मिळवत निघालो. पहिल्या एक-दोघांनी हात दिला, पुढच्यांनी नुसती बोटे दिली. मग न्तिआमोआची बहीण, एनो अग्यपोमा. लहानपणापासून मला भाऊ म्हणते. मी हात पुढे केला आणि तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले. माझा हात तसाच लोंबकळत राहिला. कुमासीवाल्याचा लाउडस्पीकर ढणढणत होता.

माझ्या शेजारच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग कोनाडू स्वयंपाकाकडून धावत आली, हात पिठाचे, माझा दंड धरला आणि म्हणाली, "घरी चला." वाटभर दंड सोडला नाही.

मी मित्राला निरोप द्यायला गेलो होतो.

१५ मार्च, रविवार

दुपारी कुळप्रमुखाचा निरोप्या आला. गुरुवारी न्तिआमोआच्या कुळासमोर हजर व्हायचे. आरोप असा, की मयताची चेष्टा करण्यासाठी मी हिरवे कापड नेसून आलो, आणि येणार असे आधी चारचौघांत बोललोही होतो.

मी म्हणालो, "कापड काळं होतं." निरोप्या माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने कोनाडूकडे बघितले, मग तो निघून गेला.

मी कापड आणून दारात उन्हात धरले. "हे काय आहे सांग."

"हिरवं आहे," कोनाडू म्हणाली. "सेरवाच्या बारशाचं."

"काळं आहे!"

"सेरवाचे बाबा, हिरवं आहे. आणि तो रेझिस्टर नारिंगीच होता. आणि गुरुजींच्या ॲम्प्लिफायरमधला तपकिरी होता. जानेवारीपासून मी तुमच्यासाठी रंग वाचतेय."

मी दुकानात जाऊन दार आतून लावले. रेझिस्टरचे खण उपडे केले. एकेक उचलायचा, डोळ्यांनी वाचायचा, मग मीटरला लावायचा. बाराशे म्हटले, मीटर म्हणाले बावीसशे. दहा हजार म्हटले, निघाले हजार. काही बरोबर आले, काही नाही, आणि कोणते बरोबर येतील ते मला आधी सांगता येत नव्हते. दोष एकाच बाजूचा असता तर गणित करून निभावले असते. तपकिरी, लाल आणि नारिंगी यांचे मिळून एकच काहीतरी झाले आहे, करपलेल्या साखरेसारखे. कधी झाले ते मला माहीत नाही.

१७ मार्च, मंगळवार

दोन दिवस बायकोशी बोललो नाही. मला वाटते ती मला हसत होती. नाही, हे खोटे आहे. ती हसत नव्हती हे मला माहीत आहे आणि त्याचाच जास्त राग येतो. बाजारात पाय रोवून बसलेल्या बाईने तीस वर्षांची गादी सोडली, ती स्टुलावर बसून माझी लाज झाकण्यासाठी. मी तिला म्हणालो होतो, तुला वाटून काय होतंय.

आज संध्याकाळी भाचा आला. ओसेई माझ्या बहिणीचा मुलगा, मला वोफा म्हणतो; आमच्या रिवाजाने माझ्यामागे दुकान त्याचेच. डोक्याने तल्लख आहे.

"वोफा, सोपं आहे," म्हणाला. "सांगायचं, रागाच्या भरात नेसलो, चूक झाली. एक मेंढी, श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या. लोक राग विसरतात. पण दिसत नाही म्हणालात, तर ते कोण विसरणार? उद्या कोण तुमच्याकडे रेडिओ आणून टाकेल?"

त्याचे बरोबर आहे. चेष्टेखोर मास्टर चालतो. आंधळा मास्टर नाही चालत.

कोनाडू भांडी घासत ऐकत होती. ओसेई गेल्यावर मी विचारले, "तुझं काय म्हणणं?" बोलायचे नाही असे ठरवले होते, पण निघाले तोंडातून.

ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. मी दोन्हीकडे तुमच्याबरोबर आहे. पण अग्यपोमानं शनिवारपासून धड अन्न घेतलेलं नाही."

दुकानात नव्या मुलांना मी पहिली गोष्ट हीच शिकवत आलो, की जळालेला रेझिस्टर बदलून मोकळे होऊ नका. तो कशामुळे जळाला ते शोधा, नाहीतर नवाही जळेल. मेंढी देऊन मोकळे होता येईल. अग्यपोमा मात्र मरेपर्यंत समजत राहील की तिच्या भावाच्या मढ्यासमोर मी हसलो. काय करावे कळत नाही. दुकानावाचून मी कोण, तेही कळत नाही.

१९ मार्च, गुरुवार

हे आजच लिहिले पाहिजे.

कुळप्रमुखाच्या अंगणात सगळे जमले होते. प्रमुख स्वतः बोलत नाही, त्याच्या वतीने ओक्येआमे बोलतो. त्याने विचारले, "मास्टर अग्येकुम, कापडाबद्दल तुमचं काय म्हणणं?"

मी ओसेईने सांगितलेले पाठ करून गेलो होतो. सुरुवातही केली. "ओक्येआमे, प्रमुखांच्या कानावर घाला, ईस्टरपासून माझ्या मनात राग होता..."

"याव," मधेच अग्यपोमा बोलली. नियमाने तिने मधे बोलायचे नसते, पण तिला कोणी अडवले नाही. "मला मेंढी नको. एवढंच सांग. माझ्यापुढं हात केलास तेव्हा तू मनात हसत होतास का रे?"

ती लहानपणी मला पाठीवर घेऊन ओढा ओलांडायची. तिच्याकडे बघून पुढचे वाक्य मला आठवेना. मी म्हणालो, "अक्का, मला रंग दिसत नाहीत. मी काळं समजून नेसलो."

मागून कोणीतरी म्हणाले, "आता हे नवीन काढलं." दुसरा म्हणाला, "रंग दिसत नाहीत तर रेडिओ कसे दुरुस्त करतो?"

ओक्येआमेने प्रमुखाकडे पाहिले आणि मग गर्दीतून एका बाईच्या डोक्याचा रुमाल मागून घेतला. "हा कोणता?" मी म्हणालो, "तपकिरी." लोकांत कुजबुज झाली. दुसरा रुमाल आणला. "हा?" मी बराच वेळ पाहिले. म्हणालो, "हाही तपकिरीच." कोणी हसले नाही. पहिला जांभळा होता आणि दुसरा लालभडक, हे मला नंतर ओसेईने सांगितले. तो डोके धरून बसला होता.

मग मागून मेकॅनिक दुआचा आवाज आला, "अरे, मग माझा ॲम्प्लिफायर? तो याच्याकडेच आहे!"

रविवारपासून ज्याला भीत होतो ते हेच वाक्य. मी खाली पाहिले. तेवढ्यात कोनाडू उठली. गुडघ्यांवर हात टेकून उठली, म्हणजे तिचे गुडघे खरेच दुखतात.

"दुआ, तुझ्या ॲम्प्लिफायरमधला एकेक रेझिस्टर मी वाचलाय आणि मीटरला लावलाय," ती म्हणाली. "चालला नाही तर माझ्या दारात येऊन ओरड. इथं मयताचं बोलणं चाललंय."

प्रमुखाने मेंढी माफ केली. न्तिआमोआच्या नावाने जमिनीवर ओतायला एक बाटली श्नॅप्स, तेवढेच. ते ओतले गेले तेव्हा मी मोठ्याने रडलो. शनिवारी रडायला कोणी दिलेच नव्हते. अग्यपोमा उठून माझ्यापाशी आली आणि तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "तो रोज दुपारी पट मांडून बसायचा. तुझी वाट बघत."

३१ मार्च, मंगळवार

ओसेई म्हणाला तसेच झाले. दुआ ॲम्प्लिफायर घेऊन गेला. गावात दुसऱ्या बाजूला एक पोरगा आहे, त्याच्याकडे गर्दी आहे म्हणतात. काही लोक चौकशीला येतात, गोड बोलतात, आपला रेडिओ उचलतात. मी त्यांना दोष देत नाही. मीसुद्धा आंधळ्या न्हाव्याकडे गेलो नसतो.

कोनाडू रोज दुकान उघडते, झाडते, स्टूल टाकून बसते. मी तिला म्हणालो, गादी परत घे. म्हणाली, बहीण आता चांगली बसली आहे तिथे, तिला कशाला उठवू.

सेरवा अक्राहून आली आणि बोलत बसली नाही, तिने सरळ मला गाडीत घातले. डॉक्टरीण बाई माझ्या सेरवापेक्षा लहान. म्हणाली, मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, पिकून तपकिरी झालेला. एवढे दिवस चालत कसे होतात? मी म्हणालो, बायको होती. आधी एक डोळा करणार आहेत. सुरीची भीती वाटते. पण आता भिऊन राखायचे काय उरले आहे?

२२ एप्रिल, बुधवार

उजव्या डोळ्याची पट्टी निघून आठवडा झाला. थेंब घालायचे आहेत, वाकायचे नाही, धूर लागू द्यायचा नाही. पण आज दुकानात येऊन नुसते बसण्याची परवानगी मिळाली.

निळा रंग. मला वाटत होते जगातला निळा हळूहळू विटला. विटला नव्हता. दुकानाचे दार निळे आहे, मीच लावलेला रंग, आणि मी दाराजवळ इतका वेळ उभा राहिलो की समोरची भजीवाली विचारायला आली.

काम नव्हतेच. पण दुआचा ॲम्प्लिफायर टेबलावर होता. त्याने परवा पुन्हा आणून दिला. खराब झाला म्हणून नाही, दुसरा स्पीकर जोडून हवा म्हणून. म्हणाला, "आवाज असा कधी नव्हता." मी कौतुकाने झाकण काढले. फेब्रुवारीतले माझे काम, म्हटले एका डोळ्याने तरी बघावे.

सोल्डरचे डाग दोन प्रकारचे होते. काही ओबडधोबड, लोंबलेले, एक तर शेजारच्या टाक्याला जवळजवळ चिकटलेला. असला डाग माझ्या कोण्या शिकाऊने दिला असता तर मी त्याला घरी पाठवले असते. बाकीचे बारीक, गोल, चकचकीत, पावसाच्या थेंबासारखे. आणि जुन्या ओबड डागांवरून सोल्डर खरवडून ते पुन्हा दिलेले होते, हे कळत होते. मी ओबडधोबडांकडे बराच वेळ पाहिले. हात माझाच होता, ओळखला.

"कोनाडू, हे कोणी केलं?"

"काय?"

"हे डाग."

तिने झाकण बाजूला सरकवले. मग म्हणाली, "तुम्ही डामे खेळायला जायचात तेव्हा." आणि हात पदरासारख्या कापडाखाली घेतले.

मी म्हणालो, "दाखव."

दाखवेना. मी तिचा उजवा हात ओढून उजेडात धरला. अंगठ्याच्या आणि दोन बोटांच्या टोकांवर भाजल्याचे व्रण होते. गुलाबी, चकचकीत, एकावर एक; काही जुने, काही कालपरवाचे. वाचायला शिकवले ते मी. सोल्डरिंग तिला कोणी शिकवले नव्हते. ती भाजून भाजून शिकली. हा हात रोज मला ताट वाढत होता, रेझिस्टर देत होता, आणि त्यावर काय चालले आहे ते मला दिसले नाही. हातातून वस्तू पडतात म्हणून मी डायरीत तिची चेष्टा लिहिली आहे.

डॉक्टरीण बाईने रडायला मनाई केली आहे. मी रडलो. तिने तिच्या कापडाच्या टोकाने माझा डावा डोळा पुसला, उजव्याला हात लावू दिला नाही.

मग मी म्हणालो, "सेरवाची आई, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

"माहीत आहे," कोनाडू म्हणाली. "सरका तिकडे. दुआ चारला येणार आहे."